पहिल्या हाकेला ओ

साहेबराव मगरे यांना ती वैशाखातली दुपार नीट आठवते का, असं कुणी विचारलं, तर ते आधी चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात आणि म्हणतात, "बहुधा." तलाव कोरडा होता, हे नक्की. चांगुणाबाईनं बिनदुधाचा चहा दिला होता, हेही नक्की. पण तो पत्र्याचा पोकळ गोळा त्यांच्या हातात आपोआप वर उचलला गेला, की त्यांचाच हात थरथरला, यावर त्यांनी इतकी वर्षं स्वतःशीच वाद घातला आहे. हात थरथरायला कारणं होती. वय झालेलं, साखर वाढलेली, वर ऊन मी म्हणत होतं. पण गोळ्याच्या बुडाला लागलेला ओला गाळ? त्याला काय म्हणायचं?

असू द्या. पहिल्यापासून सांगायला हवं.

साहेबराव डॉक्टर होते, पण दवाखान्याचे नव्हेत, इलेक्ट्रॉनिक्सचे. बंगळुरात पीएच.डी. केली, औरंगाबादच्या कॉलेजात शिकवण्यात हयात घालवली आणि निवृत्तीनंतर जालन्यात मस्तगडला, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर येऊन राहिले. एवढा शिकलेला माणूस, पण स्वतःवर काडीचा भरवसा नाही. बाहेर पडताना कुलूप ओढून बघायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि परत येऊन पुन्हा ओढायचे. खालचा दुकानदार रोज हसायचा. म्हणायचा, "सर, कुलूप तुमच्यावर विश्वास ठेवतं, तुम्हीच त्याच्यावर ठेवत न्हाई."

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे बेबीनंदा आली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. तोवर तिशी ओलांडलेली, जालन्यात स्वतःचं छोटं वर्कशॉप असलेली. बियाण्यांच्या कंपन्यांना लागणारे इलेक्ट्रॉनिक काटे ती बनवायची. तिनं पिशवीतून छापलेल्या कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"सर, हे तपासून द्या. पाटबंधारे कार्यालयाला बाहेरच्या तज्ज्ञाची सही पाहिजे. पावसाच्या आत पेटी बसली न्हाई तर काम रद्द होतंय."

"मी? अगं, मला आता जमेल का?"

"सर, मी एक पूर्णविराम विसरले म्हणून तुम्ही माझ्या पेपरात अर्धा मार्क कापल्ता. तुम्हालाच जमंल."

पेटी होती पळसवाडीच्या तलावासाठी. पळसवाडी म्हणजे भोकरदनच्या वरच्या अंगाला, तलावाच्या बांधाखाली वसलेली बेबीनंदाची वाडी. पाणी बांधाच्या जवळ आलं की वाडीला उठवणारा भोंगा तिनं बनवला होता. पाण्याच्या टाकीत असतो तसा एक पोकळ गोळा बांधाच्या आतल्या अंगाला, लोखंडी दांड्याला लावायचा. पाणी आलं की गोळा वर उचलला जाणार, तारेतून पेटीला कळणार, पेटी भोंगा वाजवणार. इतकं सोपं.

सोपं नव्हतं ते पेटीचं झोपणं. वाडीत विजेचा पत्ता नसायचा, म्हणून पेटी सौर प्लेटच्या छोट्या बॅटरीवर चालायची. रात्रंदिवस जागी ठेवली तर बॅटरी टिकेना. म्हणून पेटीनं झोपून राहायचं आणि गोळ्यानं हाक मारली की तेवढ्यापुरतं उठायचं. पेटीच्या आतला मुकादम म्हणजे कर्नेल, सगळी कामं वाटून देणारा मूळ प्रोग्राम. त्याला गोळ्याची भाषा येत नाही. ती शिकवणारी जी सूचनांची पानं, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. कधी झोपायचं, झोपेतही कोणती तार जागती ठेवायची, उठल्यावर आधी काय करायचं, हे सगळं त्या पानांत. बेबीनंदानं ती स्वतः लिहिली होती.

जाताना ती दारात थांबली.

"सर, माझे वडील त्याच तलावाचे राखणदार होते. पुंजाराम. त्र्याऐंशी साली बांध फुटला, तेव्हा मी भोकरदनला होस्टेलवर होते. वाडी म्हणते, राखणदार झोपला होता. डोक्यावरून घोंगडी घेतलेलाच सापडला म्हणतात." तिनं दाराची कडी हातात धरली. "मी न झोपणारा राखणदार करायला निघाले होते. आता ह्यालाबी झोपवायची पाळी आली. उठला पाहिजे, सर. एवढंच."

साहेबरावांनी ती पानं तीन-चारदा वाचली. वाचताना प्रत्येक ओळीला त्यांना वाटायचं, ही चूक आहे. पुढच्या ओळीला वाटायचं, चूक नाही, आपलंच डोकं म्हातारं झालंय. पण एक जागा काही केल्या सुटेना. भोंगा पहिल्या हाकेला वाजत नव्हता. गोळ्याच्या तीन हाका मोजायच्या, मगच वाजवायचा. तीनपेक्षा कमी आल्या तर पुन्हा झोपायचं. आणि उठताना पेटी सगळी मांडामांड नव्यानं करायची. त्यात मोजलेल्या हाकाही पुसून टाकायची.

त्यांनी बेबीनंदाला बोलावून घेतलं.

"हे बघ. पहिली हाक आली, पेटी उठली, एक मोजलं, झोपली. दुसरी आली, उठली... आणि उठताना मागचं एक पुसलं. पुन्हा एकच. तिसरीलाही एकच. तीन कधी होणारच नाहीत. बहुधा."

बेबीनंदा पानाकडे बघत राहिली. "पण माझ्या टेबलावर तर वाजायचा."

"टेबलावर कशावर चालायची?"

"इन्व्हर्टरवर." तिचा हात कपाळाला गेला. "तिथं ती झोपायचीच न्हाई."

मग म्हणाली, "म्हणजे पूर आला असता, आणि..."

"बहुधा."

"सर, बहुधा म्हणू नका."

"बरं. वाजला नसता."

तिनं ती ओळ तिथंच दुरुस्त केली. पण साहेबरावांचं समाधान होईना. "ही तीनची अटच का ठेवलीस?"

"खोटा भोंगा नको म्हणून. माकडं गोळा हलवतात, बगळे बसतात. कार्यालयानं बजावलंय, फुकटचा वाजला तर पेटी काढून नेऊ." मग ती जरा लाजल्यासारखी हसली. "आणि खरं सांगू का, आमच्या वाडीत पहिल्या हाकेला कोणी ओ देत न्हाई. भर दुपारी न्हाईतर तिन्हीसांजेला बाहेरून कोणी नाव घेतलं, तर गप बसायचं. तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. भलतं असंल तर ते तिसरी हाक मारत न्हाई, म्हणतात. लहानपणापासून कानावर पडलंय. बोटांतून उतरलं असंल."

"पण पाणी तीनदा हाक मारत नाही, बेबीनंदा. गोळा एकदा वर गेला की गेला. खाली येऊन पुन्हा वर जाईल, त्याची काय खात्री?"

"पटतंय, सर. पण हे बघा." तिनं आणखी एक कागद काढला. पेटी महिनाभर बांधावर चाचणीला ठेवलेली होती, आणि केव्हा केव्हा जाग आली, याची नोंद पेटी वेगळी ठेवायची. रोज भर दुपारी पेटी उठलेली होती. रोज दोनदा. तिसऱ्यांदा एकदाही नाही.

"तलावात पाण्याचा थेंब न्हाई. उन्हानं तार ताणत असंल. पहिल्या हाकेला ओ द्यायची ठरवली, तर रोज दुपारी भोंगा वाजंल. मंग पेटी गेली, आणि वाडीपण..."

तिनं कागदाची घडी घातली.

साहेबरावांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, परत येऊन ओढलं आणि दुसऱ्या दिवशी ते तिच्याबरोबर भोकरदनच्या एसटीत बसले.

तलावाच्या बांधावर, एका टोकाला, राखणदाराची खोली होती. दगडी भिंती, वर पत्रे, पुढं पडवी. चांगुणाबाई, म्हणजे बेबीनंदाची आई, अजून तिथंच एकटी राहायची. नवऱ्यामागं ती वाडीत राहायला उतरली नव्हती. खाली वाडी दिसायची, वर तलावाचं भेगाळलेलं तळ. मधे ती.

पडवीत टेकतात न टेकतात, तोच बांधावरून शेळ्या हाकत एक म्हातारा आला. कचरू त्याचं नाव. त्यानं पेटीकडं बघून तंबाखू थुंकली.

"काय गं नंदा, राखणदार आणलाय म्हनं. आन् तोबी झोपतो म्हणत्यात."

"झोपतो, पण उठतो, कचरू काका."

"हां, तुझा बापबी उठणारच होता." तो हसला आणि शेळ्यांमागं निघून गेला.

बेबीनंदाचा चेहरा उतरला. चांगुणाबाईनं मात्र मान वर केली नाही. ती गोधडीला टाके घालत होती. "बोलू दे त्याला. तेवीस वर्सं बोलून राह्यलाय. त्याचं तोंड दुखत न्हाई, मला ऐकू येत न्हाई." मग साहेबरावांकडं वळून म्हणाली, "मास्तर, माझ्या डोळ्यांदेखत गेल्ते ते. इथून, ह्या पायऱ्यांवरून. भिजक्या घोंगडीनिशी पळत खाली वाडीत गेल्ते. मी सांगितलं समद्यांना. कोणी मानलं न्हाई. हाक ऐकलीच न्हाई, म्हणत्यात."

बेबीनंदा वाडीतून पक्कड आणायला उतरली. साहेबरावांनी बांधाच्या आतल्या अंगाला उतरून गोळा दांड्यावरून सोडवला आणि तार लांबवत पडवीत आणला. तारेचा प्रत्येक जोड ओढून पाहिला. सगळं घट्ट होतं. गोळा मांडीवर ठेवून ते भिंतीला टेकले आणि त्यांनी कागद काढले. त्यांची एक जुनी सवय होती. दुसऱ्या कुणाला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय त्यांना चूक दिसायची नाही. वर्गात मुलं असायची. इथं चांगुणाबाई होती.

"झोपायच्या आधी, गोळ्याची तार जागती ठेवायची," ते वाचू लागले.

"मंग?" चांगुणाबाई टाका घालत म्हणाली.

"मग बाकी सगळं बंद करायचं. दिवा, घड्याळ, सगळं."

"मंग?"

"तारेतून हाक आली तर उठायचं. मोजायचं. तीन झाल्या नाहीत तर..."

"मंग?"

"...तर पुन्हा झोपायचं."

तिचा टाका थांबला. काही वेळ ती सुईकडंच बघत राहिली. पुन्हा 'मंग' म्हणाली नाही.

ऊन आता डोक्यावर आलं होतं. इतका वेळ होला पक्ष्यांचं घुमणं चालू होतं, ते कधी बंद झालं, कळलं नाही. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटाही ऐकू येईनात. पत्रे तापले की तडतडतात, तेही तडतडेनात. साहेबरावांना वाटलं, आपल्या कानांना दडे बसले. त्यांनी गिळून पाहिलं. मग वास आला. आधी अगदी हलका. ओल्या लोकरीचा. भिजलेली घोंगडी चुलीपाशी वाळत घातली की येतो तसा. त्यामागून गाळाचा, थंड, विहिरीत वाकून पाहिल्यावर येतो तसा वास. आणि समोर सगळा तलाव भेगाळून पडलेला होता.

"चांगुणाबाई... काही भिजत घातलंय का?"

तिनं पदर तोंडाशी धरला होता.

मांडीवरचा गोळा हलका झाला. साहेबरावांनी दोन्ही हातांनी तो धरला. भरलेली घागर पाण्याखाली असते तेव्हा तिचं वजन जसं हाताला लागत नाही, तसा तो लागेनासा झाला. मग तो सावकाश वर उठला. त्यांचे हात त्याच्याबरोबर वर गेले. छातीपर्यंत. पेटीवरचा हिरवा दिवा लागला. पेटी उठली होती.

गोळा जड होऊन मांडीवर आला. दिवा विझला.

साहेबरावांना हात काढून घ्यायचे होते. बोटं ऐकेनात. आणि तो पुन्हा उठला... तसाच सावकाश, जणू खालून कुणी पाणी वाढवत नेतंय. दिवा लागला. चांगुणाबाईचे ओठ पदराआड हलत होते, पण आवाज नव्हता. ती बांधाच्या पायऱ्यांकडं बघत होती. ते दोघंही थांबून राहिले. तिसऱ्यासाठी.

दिवा विझला. तिसऱ्यांदा काही झालं नाही. कुठंतरी होला घुमला. पत्रा तडतडला.

साहेबरावांनी गोळा उलटा करून पाहिला. बुडाला पाण्याची ओल होती आणि तिच्यात बारीक तांबडा गाळ. चांगुणाबाईनं पुढं होऊन तो पदरानं पुसला. लेकराचं तोंड पुसावं तसा.

"नंदाला सांगू नका," ती हळूच म्हणाली. "ती शिकलेली हाये. भ्येईल."

शिकलेले तर साहेबरावही होते, आणि भ्यालेही होते. पण त्या भीतीत एक नवलाची गोष्ट घडली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मनातलं 'बहुधा' कुठंतरी गळून पडलं. तारेचा दोष असो, हाताची थरथर असो, आणखी काही असो. हाक आली होती आणि आपण दोघं जिवंत माणसं तिसरीची वाट बघत बसून राहिलो, एवढं त्यांना स्वच्छ दिसलं. बेबीनंदा पक्कड घेऊन आली तेव्हा ते उभे होते.

"तीनची अट काढ. पहिल्या हाकेला भोंगा."

"सर, उद्या दुपारी वाजला म्हणजे?"

"वाजू दे. माझं नाव पुढं कर. म्हाताऱ्याचा हट्ट होता म्हणून सांग."

"तारेत काही सापडलं का?"

"तार बरोबर आहे."

ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. सरांना असं बोलताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं मान हलवली आणि पेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिघं पडवीत बसून होते. बेबीनंदाचा हात भोंगा बंद करायच्या बटणावर होता. होले घुमत राहिले. पत्रे तडतडत राहिले. ऊन कललं तरी दिवा लागला नाही. त्यानंतर एकाही दुपारी लागला नाही. नोंदीचं पान कोरंच राहिलं. बेबीनंदाला वाटलं, सरांनी जोड घट्ट केले त्याचा हा गुण. साहेबरावांनी पानावर सही केली.

त्या साली पाऊस बरा झाला. तलाव अर्धाअधिक भरला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, बेबीनंदानं सरांना मुद्दाम वाडीवर बोलावलं. त्या दिवशी बैलांना धुवायचं, त्यांचे खांदे तुपा-हळदीनं मळायचे. बांधाखालच्या ओढ्यात सगळी वाडी उतरली होती. गुडघाभर पाण्यात बैल उभे, पाठींवर पाणी मारणारी माणसं, काठावर हळदीच्या वाट्या घेऊन बाया, आणि कुणीतरी हलगी वाजवत होतं. आभाळ निळंशार. ढगाचा ठिपका नाही. साहेबराव काठावरच्या दगडावर बसले होते, चपला हातात घेऊन.

आणि भोंगा वाजला.

हलगी थांबली. सगळ्यांनी वर बांधाकडं पाहिलं, मग आभाळाकडं. मग कचरू ओढ्यातून मोठ्यानं म्हणाला, "लागला बोंबलायला. झोपेत बडबडून राह्यला जनू."

लोक हसले. बैल धुणं पुन्हा सुरू झालं. साहेबरावांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. चुकलं. आपलंच चुकलं. तीनची अट काढायला नको होती, म्हाताऱ्यानं एका पोरीचं काम घालवलं. बेबीनंदा भोंगा बंद करायला बांधाच्या पायऱ्यांनी धावत वर निघाली होती. तिच्या पाठीकडं बघवेना.

तेवढ्यात बांधाच्या टोकाला चांगुणाबाई उभी राहिलेली दिसली. तिनं दोन्ही तळवे तोंडाशी धरले, आणि भोंग्याच्या आवाजावर चढून तिचा आवाज आला, खणखणीत, लांबवलेला.

"ओ... आले हो, आले..."

कुणाला ओ दिली, ते कुणाला कळलं नाही. हसणं मात्र थांबलं. चांगुणाबाई पायऱ्या उतरून, लुगडं सावरत, सरळ ओढ्यात शिरली आणि तिनं कचरूच्या हातातला कासरा हिसकला.

"चल वर. ह्या बारीला तरी पहिल्या हाकेला ओ दे, कचरू."

कचरूचं तोंड उघडं राहिलं. तिनं बैल वाडीशेजारच्या टेकाडाकडं ओढला, तसा तो बैलामागं निघाला; त्याच्यामागं दुसरा, तिसरा. साहेबरावही उठले. कसे कोण जाणे, पण ते ओरडत होते, हाताला लागेल त्या पोराला दंडाला धरून काठावर चढवत होते. "वर चला, जल्दी. सगळे वर." आयुष्यात त्यांनी वर्गाबाहेर आवाज चढवला नव्हता.

वर, राखणदाराच्या खोलीपाशी, बेबीनंदा बटणापर्यंत पोचली होती. तिनं ते दाबलं नाही. तलावातलं पाणी गोळ्यापासून अजून पुरुषभर खाली होतं, संथ, चकाकणारं. आणि गोळा दांड्यावर, कोरड्या हवेत, वर उचललेला उभा होता. ती त्याच्याकडं बघत असताना तलावाच्या वरच्या तोंडाला आवाज झाला. रात्री डोंगराकडं ढग फुटला होता. वाडीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तांबडं पाणी झाडं-झुडपं घेऊन, उभ्या भिंतीसारखं तलावात उतरत होतं.

शेवटचा बैल टेकाडावर चढला आणि बांधावरून पाणी पडलं. मग बांधाचा मधला भाग हळदीच्या गोळ्यासारखा विरघळला. ज्या जागी आत्ता हलगी वाजत होती, तिथं तांबडा लोंढा घोंगावत गेला. खालच्या आळीच्या भिंती गेल्या. चुली गेल्या. पण टेकाडावर सगळी वाडी उभी होती, ओली, थरथरणारी, आणि नावं घेऊन घेऊन एकमेकांना मोजणारी. माणूस एकही कमी नव्हता. एकही बैल, एकही वासरू कमी नव्हतं. एक म्हातारी मोजता मोजता हसायला लागली, आणि मग सगळेच हसायला लागले. रडतही होते.

बांधाचा मधला भाग गेला. टोकाची राखणदाराची खोली शाबूत होती. दुसऱ्या दिवशी तिथंच पोळा झाला. पळसवाडीत पहिल्या बैलजोडीचा मान पाटलाच्या दाराचा. त्या साली पाटलानं स्वतः आपली जोडी पुढं काढली आणि ती राखणदाराच्या खोलीकडं नेली. तिच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. चांगुणाबाईनं बैलांचे पाय धुतले, त्यांना पोळी चारली. तेवीस वर्षांत त्या दारात कुणी बैल आणला नव्हता. बेबीनंदा भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या गालावरचं पाणी तिनं पुसलं नाही. हलगीवाल्यानं साहेबरावांना गुलालानं माखून टाकलं. कुणीतरी त्यांच्या डोक्याला फेटा बांधला, तो सारखा कानावर यायचा.

"सर," बेबीनंदा म्हणाली, "आता तरी म्हणा, बरोबर होतं."

"बरोबर होतं," साहेबराव म्हणाले. आणि बहुधा म्हणाले नाहीत.

त्या दिवसानंतर ते कुलूप एकदाच ओढून बघतात. खालच्या दुकानदाराला याचं फार नवल वाटतं.

नोंदीच्या पानावर त्या दिवशीची एकच जाग होती. पाणी गोळ्याला लागण्याच्या कितीतरी आधीची. बेबीनंदा म्हणते, वाऱ्यानं उचलला असेल. साहेबरावही तसंच म्हणतात, चारचौघांत.

पुढं दोन हजार नऊ साली कचरू मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जालन्यात आला, तेव्हा साहेबरावांकडं मस्तगडला उतरला. डोळ्याला हिरवी पट्टी बांधून तो गॅलरीत बसला होता. चांगुणाबाईची ख्यालीखुशाली निघाली, पुंजारामाचं नाव निघालं. साहेबरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कचरूबुवा, त्र्याऐंशीला, बांध फुटला त्या दुपारी... खरंच काही ऐकू आलं नव्हतं?"

कचरू पट्टीवरून बोट फिरवत राहिला.

"आल्तं की. भर दुपारची येळ, पाऊस ओतून राह्यलेला, दारं लावून बसल्तो. बाहेरून माझं नाव घेतलं. पुंजारामाचाच आवाज. एकदाच."

"मग ओ का नाही दिली?"

"पहिल्या हाकेला कोण देतंय, सायेब? पुढच्या दोन हाकांची वाट बघत बसलो." तो थांबला. "त्या आल्याच न्हाईत."

साहेबरावांना एकाच्या बोलण्यावर विसंबणं जमत नव्हतं. ते त्याच महिन्यात पळसवाडीला गेले आणि त्र्याऐंशीतून वाचलेल्या आणखी दोघांना, वेगवेगळ्या घरी बसून, वेगवेगळं विचारलं. दोघांनीही तेच सांगितलं. भर दुपार. आपलं नाव. एकच हाक, पुढच्या दोन आल्या नाहीत.

साहेबरावांनी मान हलवली आणि ते एसटीनं परत आले. पण पेटीच्या नोंदीचा तो पहिला कागद त्यांच्याकडं अजून आहे. त्या राहिलेल्या दोन हाका आल्या होत्या. तलाव कोरडा असताना, त्या रोज दुपारी येत होत्या.